तोच ठिपका कधी दिसतो, कधी दिसत नाही

प्रश्न मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने दृष्टीच्या एका प्रयोगात भाग घेतला. अंधाऱ्या खोलीत बसायचे, पडद्यावर क्षणभर एक अतिशय फिकट ठिपका चमकून जाईल, तो दिसला की नाही ते बटण दाबून सांगायचे. शेकडो वेळा हेच. नंतर तिला कळले की ठिपक्याचा उजेड प्रत्येक वेळी सारखाच होता आणि काही फेऱ्यांत ठिपका मुळी दाखवलाच नव्हता. तरी तिला तो कधी स्पष्ट दिसला, कधी अजिबात नाही आणि दोन-चार वेळा तर नसलेला ठिपकाही तिने ‘दिसला’ म्हणून सांगितला. तिचे विचारणे असे: हे मेंदूच्या लहरींमुळे होते का? आणि तसे असेल, तर अल्फा लहरी वाढवणारे अॅप वापरून नजर आणि निर्णयशक्ती सुधारता येईल का?

मी गेली बावीस वर्षे ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, घेते आहे. आधी रुग्णालयात, नंतर दृष्टीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, बऱ्याच अंशी’ असे आहे. दुसऱ्याचे ‘नाही’. पण या दोन्हींपेक्षा मला तुमचे मधले वाक्य जास्त मोलाचे वाटले, नसलेला ठिपका दिसल्याचे. या विषयातली गेल्या दहा-पंधरा वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची समज त्याच एका वाक्यात दडलेली आहे, म्हणून मी बराचसा वेळ त्यावरच घालवणार आहे.

आधी लय, म्हणजे या लहरींचा ठरावीक ताल, काय असते ते पाहू. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युत हालचाल पहिल्यांदा टिपली आणि पाच वर्षे पुन्हा पुन्हा तपासून १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याला दिसलेली सगळ्यात ठळक लय सेकंदाला साधारण दहा वेळा हेलकावणारी होती. तीच अल्फा. सुरुवातीला फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी ती स्वतः पडताळून पाहिली तेव्हा कुठे जगाने तिची दखल घेतली.

ही लय पाहायला आजही मोठे कौशल्य लागत नाही. डोके स्वच्छ धुतलेले हवे, आदल्या रात्रीचे तेल नको (आमच्याकडे निम्मी सकाळ या तेलापायी जाते), जेल लावून डोक्याच्या मागच्या भागावर इलेक्ट्रोड नीट बसवायचे आणि समोरच्याला सांगायचे, ‘डोळे मिटा.’ सेकंदभरात आलेखावर एकसारख्या, गोलसर लाटा उमटू लागतात. ‘डोळे उघडा’ म्हटले की त्या विरून जातात. इतक्या वर्षांनंतरही ते दृश्य पाहताना माझा हात थबकतो. या लाटा साधारण वीस ते पन्नास मायक्रोव्होल्ट (व्होल्टचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट) उंचीच्या असतात, हृदयाच्या कार्डिओग्रामपेक्षा कितीतरी लहान. कवटीबाहेर त्या पोचतात याचाच अर्थ आत लाखो चेतापेशी एका तालात वर-खाली होत असतात.

डोळे मिटले की वाढते, उघडले की कमी होते. यावरून अनेक वर्षे असा समज होता की अल्फा म्हणजे रिकामपणाची लय, काम नसताना गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवावे तसे. तो समज आता मागे पडला आहे. २००० च्या सुमारास असे प्रयोग झाले की ज्यात माणसाने नजर समोर स्थिर ठेवायची आणि डोळे न हलवता फक्त लक्ष डावीकडे न्यायचे. डावीकडचे दृश्य मेंदूच्या उजव्या भागात पोचते. तेव्हा उजव्या मागच्या भागातली अल्फा कमी होते आणि डाव्या भागातली, म्हणजे ज्या बाजूकडे सध्या लक्ष द्यायचे नाही त्या बाजूची, तुलनेने जास्त राहते. नुसता रिकामपणा असता तर अशी बाजू पाहून वाटणी झाली नसती. ही लय आवक रोखून धरते. जिथे तिचा जोर जास्त, तिथल्या पेशी सहजासहजी पेटत नाहीत.

याचा थेट पुरावा चुंबकीय उत्तेजनाने मिळाला. डोक्याच्या मागे कॉइल धरून क्षणिक चुंबकीय ठोका दिला की बाहेर काहीही नसताना माणसाला प्रकाशाचा एक झोत दिसतो. विन्चेन्झो रोमेई आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की ठोका तोच असला तरी त्या क्षणाआधी अल्फाचा जोर कमी असेल तर झोत दिसण्याची शक्यता वाढते. डोळ्यांतून काहीच आलेले नव्हते, त्यामुळे फरक पडला तो मेंदूच्या स्वतःच्या तयारीचा.

आता तुमच्या ठिपक्याकडे येऊ. ठिपका दिसण्याआधीच्या अर्ध्या-एक सेकंदात अल्फा कमी असेल तर ‘दिसला’ हे उत्तर जास्त वेळा येते, हे बऱ्याच प्रयोगशाळांत आढळले होते. त्यावरून सरळ निष्कर्ष निघाला: अल्फा कमी, तर नजर तीक्ष्ण. मीही अनेक वर्षे विद्यार्थ्यांना हेच शिकवत होते आणि ते चुकीचे होते.

का, ते सांगते. ‘दिसला’ म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात. एक म्हणजे पारख: ठिपका असणे आणि नसणे यांतला फरक मेंदूला किती चांगला कळतो. दुसरा म्हणजे होकाराचा उंबरठा: किती थोड्या पुराव्यावर तुम्ही ‘हो’ म्हणायला तयार आहात. पाहुणे यायचे असले की आंघोळ करतानाही आपल्याला दारावरची बेल ऐकू येते. त्या दिवशी कान तीक्ष्ण झालेले नसतात, उंबरठा खाली आलेला असतो. खरी बेल चुकत नाही, पण न वाजलेलीही ऐकू येते. तिन्हीसांजेला बांधावर पडलेल्या दोरीचा साप होतो तो याच कारणाने. सापाला दोरी समजण्याची किंमत दोरीला साप समजण्यापेक्षा फार मोठी आहे, म्हणून शेतात पाय टाकणारा माणूस उंबरठा खालीच ठेवतो आणि ते शहाणपणाचेच आहे.

पारख वाढली, का उंबरठा खाली आला, हे केवळ ‘दिसला’च्या संख्येवरून कळत नाही. त्यासाठी ठिपका नसलेल्या फेऱ्या लागतात. पारख खरोखर वाढली असेल तर खरे होकार वाढतील आणि खोटे होकार वाढणार नाहीत. उंबरठा खाली आला असेल तर दोन्ही सोबत वाढतील. लुका इएमी, निको बुश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमके हे तपासले. अल्फा कमी असताना खरे होकार वाढले आणि खोटेही वाढले. पारख होती तिथेच राहिली. त्याच वर्षी जेसन सामाहा आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने हाच मुद्दा आणला. त्यांनी लोकांना दोन पर्यायांतून एक निवडायला लावले आणि सोबत ‘किती खात्री आहे’ हेही विचारले. अल्फा कमी असताना लोकांची खात्री वाढली, उत्तरे मात्र जास्त बरोबर आली नाहीत.

हे मी पहिल्यांदा नीट समजून घेतले तेव्हा आमच्या जुन्या नोंदी पुन्हा काढून पाहिल्या. कित्येक प्रयोगांत आम्ही रिकाम्या फेऱ्या इतक्या कमी ठेवल्या होत्या की खोट्या होकारांचे काही सांगताच येईना. ‘तीक्ष्ण नजर’ म्हणून आम्ही जे मोजत होतो ते बऱ्याच अंशी ‘सैल उंबरठा’ असावे. याचे मला वाईट वाटते, कारण त्या निष्कर्षांवर पुढचे काही प्रबंध उभे राहिले.

तुम्हाला नसलेला ठिपका दिसला त्या क्षणांआधी तुमच्या मेंदूच्या मागच्या भागात अल्फा बहुधा ओसरलेली असेल. दृष्टीच्या पेशी सदैव थोड्याफार आपोआप पेटत असतात. त्यांच्यावरचा चाप ढिला झाला की ती आपोआपची ठिणगीही ठिपक्यासारखीच भासते. तुम्ही खोटे बोलला नाहीत, निष्काळजीही नव्हता. तुमच्यापुरता ठिपका तिथे होता.

लयीचा जोर हा झाला एक भाग. तिचा वेगही महत्त्वाचा आहे आणि इथे गोष्ट वेगळी वळते. प्रत्येकाची अल्फा बरोबर दहाचीच नसते. कोणाची नऊ, कोणाची अकरा. तीन-चार वर्षांच्या मुलाची साधारण आठच्या आसपास असते, वयात येईपर्यंत ती दहापर्यंत चढते आणि म्हातारपणी पुन्हा मंदावते. नऊच्या लयीत एक आवर्तन सुमारे १११ मिलिसेकंदांचे, अकराच्या लयीत ९१ चे. सामाहा आणि ब्रॅडली पोसल यांनी २०१५ मध्ये लोकांना एकापाठोपाठ दोन झगमगाट, म्हणजे प्रकाशाच्या क्षणिक चमका, दाखवले. मधले अंतर फारच कमी असले की दोन्ही मिळून एकच वाटतो. ज्यांची अल्फा वेगवान होती त्यांना कमी अंतरातही दोन वेगळे दिसले. ध्वनीमुळे होणारा एक सुंदर भास आहे: एकच झगमगाट आणि सोबत झटपट दोन ‘बीप’ वाजवले तर अनेकांना झगमगाटही दोन दिसतात. लदन शम्स आणि सहकाऱ्यांनी तो २००० मध्ये दाखवला. दोन बीप किती जवळ असेपर्यंत हा भास टिकतो तेही ज्याच्या-त्याच्या अल्फाच्या वेगाशी जुळते, असे २०१५ मध्ये लंडनला आढळले. तिथे तर डोक्याला अगदी सौम्य विद्युत प्रवाह देऊन लय किंचित मंद केली तेव्हा भासाची खिडकी रुंदावली, जलद केली तेव्हा अरुंद झाली.

मग २०२२ मध्ये इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या चमूने, म्हणजे पुन्हा रोमेईंच्याच गटाने, दोन्ही धागे एकत्र आणले. प्रत्येकाची स्वतःची अल्फा मोजायची आणि मग तालबद्ध चुंबकीय ठोके द्यायचे. कधी तिच्यापेक्षा किंचित जलद किंवा मंद तालात, म्हणजे तिचा वेग हलावा, कधी अगदी तिच्याच तालात, म्हणजे तिचा जोर हलावा. वेग हलवला की उत्तरांचा बरोबरपणा हलला. जोर हलवला की खात्री हलली. माझ्या दृष्टीने हा गेल्या काही वर्षांतला या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग आहे, कारण केवळ ‘या दोन गोष्टी सोबत दिसतात’ इथे न थांबता त्यांनी एकेक दोर ओढून पाहिला.

पण इथे मला हात आखडता घ्यावा लागतो. त्याच २०२२ मध्ये बुर्गर्स आणि नॉपेने यांनी झगमगाट आणि बीपच्या अनेक प्रयोगांत काळजीपूर्वक शोध घेतला आणि अल्फाच्या वेगाशी कसलाही विश्वासार्ह संबंध त्यांना मिळाला नाही. अल्फाच्या लाटेचा नेमका कोणता टप्पा चालू आहे, शिखर की दरी, यावर ठिपका दिसणे ठरते, असे २००९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी मांडले होते. मेंदू सलग न पाहता तुकड्या-तुकड्यांत पाहतो ही कल्पना त्यामुळे फार लोकप्रिय झाली. नंतरच्या काही प्रयत्नांत तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. म्हणून वेगाबद्दल मी आज ‘बहुधा’ म्हणते, टप्प्याबद्दल ‘कदाचित’. जोर आणि उंबरठा यांच्या नात्याबद्दल मात्र मी बऱ्यापैकी निश्चिंत आहे.

निर्णयाचे काय? तुम्ही दोन्ही शब्द एकत्र वापरले आहेत, पाहणे आणि निर्णय घेणे, आणि मेंदूतही ते फार दूर नाहीत. पुसट दृश्यावरून निर्णय कसा होतो ते मतमोजणीच्या दिवसासारखे समजा. मते फेऱ्या-फेऱ्यांनी मोजली जातात. प्रत्येक फेरीत थोडी चढउतार होते, पण एका उमेदवाराची आघाडी एका मर्यादेपलीकडे गेली की सगळ्या फेऱ्या संपण्याची वाट कोणी पाहत नाही, गुलाल उधळला जातो. मेंदूही डोळ्यांकडून येणारा कच्चा पुरावा असाच जमवत जातो आणि आघाडी पुरेशी झाली की बटण दाबतो. रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये याचे गणित मांडले. पुढे विल्यम न्यूसम, मायकेल शॅडलेन यांच्यासारख्यांनी माकडांना विखुरलेले हलते ठिपके दाखवून चेतापेशींमध्ये तो चढता आलेख प्रत्यक्ष पाहिला.

माणसात हा चढ बीटा नावाच्या लयीत दिसतो, सेकंदाला साधारण १३ ते ३० वेळा. टोबियास डोनर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की उजव्या हाताने बटण दाबणार असाल तर डाव्या बाजूच्या हालचालीच्या भागातली बीटा दृश्य पाहत असतानाच हळूहळू ओसरू लागते. बटण दाबण्याच्या कितीतरी आधी. निर्णय पूर्ण होऊन मग हाताला आदेश जातो असे आपल्याला वाटते, पण हात मतमोजणी चालू असतानाच पुढे सरकत असतो.

या मतमोजणीत अल्फा कुठे बसते? मला आधी वाटे की ती एखाद्या उमेदवाराला सुरुवातीलाच चार मतांची आघाडी देत असावी. नील्स क्लोस्टरमन आणि सहकाऱ्यांचे २०१९ चे काम वाचल्यावर माझे मत बदलले. त्यांनी काही फेऱ्यांत ‘चुकवले’ तर दंड ठेवला, काही फेऱ्यांत ‘उगाच हो म्हटले’ तर. लोकांनी आपला उंबरठा त्याप्रमाणे हलवला आणि सोबत त्यांची अल्फाही हलली. उंबरठा सैल, तर अल्फा कमी. हिशेब जुळवून पाहता सुरुवातीच्या आघाडीपेक्षा वेगळे काही दिसले: पुरावा जमण्याच्या प्रत्येक टप्प्यावर तो थोडाथोडा ‘हो’कडे झुकत होता. मतपत्रिकांच्या काळातली उपमा द्यायची तर प्रत्येक फेरीत शिक्का नीट न उमटलेल्या मतपत्रिका एकाच उमेदवाराच्या गठ्ठ्यात टाकल्या जात होत्या. यातला मला भावलेला भाग असा की हा झुकाव माणसाच्या हाती आहे. दंड बदलला, मेंदूची लय बदलली.

गॅमा या जलद लयीबद्दल थोडक्यात. १९८९ मध्ये चार्ल्स ग्रे आणि वुल्फ सिंगर यांनी मांजराच्या मेंदूत दूरदूरच्या पेशी सेकंदाला ४० च्या सुमाराच्या तालात एकत्र पेटताना पाहिल्या. तेव्हापासून ‘गॅमा वस्तूचे तुकडे जोडून एक अखंड चित्र बनवते’ हे वाक्य सर्वत्र फिरते आहे. मला ते तितके सरळ वाटत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सुप्रतिम राय यांनी जॉन मॉन्सेल यांच्यासोबत २०१० मध्ये दाखवले की दृश्याचा उठाव (कॉन्ट्रास्ट) बदलला की गॅमाचा वेगही बदलतो. एकाच वस्तूचा एक भाग उन्हात, दुसरा सावलीत असेल तर दोन्हीकडे ताल वेगळे होतील. मग ते एकमेकांना जोडणार कसे? राय यांच्या प्रयोगशाळेने पुढे पट्ट्यांचे मोठे चित्र दाखवून एक नव्हे, दोन वेगळ्या गॅमा लयी टिपल्या. बंगळुरूतल्या ज्येष्ठांच्या ईईजीवरून असेही दाखवले की वयाबरोबर त्या क्षीण होतात आणि अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांत समवयस्कांपेक्षाही क्षीण असतात. तुम्हाला पुढे या विषयात काम करायचे असेल तर परदेशाकडे पाहण्याआधी हे काम वाचा.

आता ते अॅप. हेडफोनमधून विशिष्ट आवाज ऐकवून अल्फा वाढवू, मग एकाग्रता आणि निर्णय सुधारतील, असा त्यांचा दावा असतो. वर सांगितलेले सगळे लक्षात घेतले तर त्यातली अडचण कळेल. अल्फा वाढली म्हणजे काय चांगले झाले? डोक्याच्या मागे अल्फा वाढली तर फिकट ठिपका चुकण्याची शक्यता वाढेल आणि खात्री कमी होईल. ज्या बाजूकडे लक्ष द्यायचे नाही तिथे ती वाढली तर उपयोगी, जिथे द्यायचे आहे तिथे वाढली तर त्रासदायक. ‘जास्त अल्फा’ या शब्दांना जागा आणि वेळ सांगितल्याशिवाय अर्थच नाही. डोळे मिटून शांत बसलात तरी ती वाढते, त्यासाठी पैसे मोजायला नकोत.

ध्यानाचा मुद्दा याच्याशी जोडला जातो म्हणून सांगते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छीना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये मोजक्या योग्यांचे ईईजी घेतले. एरवी आवाजाने किंवा उजेडाने जी अल्फा मोडते ती त्यांच्यात ध्यानावस्थेत टिकून राहिली. संख्या फार लहान होती, आजच्या कसोट्यांवर तेवढ्यावर काही सिद्ध म्हणता येणार नाही. तरी बाहेरची आवक रोखून धरणारी लय आणि बाहेरून मन काढून घेणारी साधना, यांचे जुळणे मला समजण्याजोगे वाटते. फक्त त्यातून नजर तीक्ष्ण होईल, असे मात्र निघत नाही.

नजरेचे निर्णय सुधारायचे असतील तर उंबरठ्यावर काम करा. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सामान तपासणीसारखा प्रयोग केला. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना लोक ती सुमारे ७ टक्के वेळा चुकवत. तीच वस्तू शंभरातल्या एकाच चित्रात ठेवली तेव्हा चुकवण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. डोळे तेच, वस्तू तीच. क्वचित सापडणारी गोष्ट शोधताना उंबरठा नकळत वर चढतो. दिवसभर एक्स-रे वाचणारे डॉक्टर, विमानतळावरच्या पडद्यासमोर बसलेला जवान, किंवा तासन्‌तास ईईजीत अपस्माराच्या झटक्याच्या खुणा शोधणारी मी, आम्हा सगळ्यांना हा धोका आहे. मी स्वतःपुरता उपाय केला आहे: ज्यात खुणा नक्की आहेत अशा जुन्या नोंदी अधूनमधून सहकाऱ्याला माझ्या गठ्ठ्यात न सांगता मिसळायला लावते. आणि एखाद्या नोंदीबद्दल पूर्ण खात्री वाटत असली तरी ती दुसऱ्या डोळ्यांखालून जाऊ देते. खात्री आणि बरोबरपणा मेंदूत वेगवेगळ्या दोरांनी बांधलेले आहेत, हे कळल्यापासून मला त्यात कमीपणा वाटत नाही.

तुमच्या प्रयोगाच्या नोंदी मिळत असतील तर मागून घ्या. सगळ्यात आधी ठिपका नसलेल्या फेऱ्या वेगळ्या काढा आणि त्यांतल्या ‘दिसला’ या उत्तरांच्या आधीचा एक सेकंद पाहा. तुमच्या स्वतःच्या अल्फाचा वेगही विचारा. डोळे मिटून दोन मिनिटांची नोंद असेल तर तेवढ्यावरून तो काढता येतो.